वाहकाचा धर्म

बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यांत उमापूर नांवाचें गांव आहे. तालुक्याच्या उत्तरेच्या अंगानें गोदावरी वाहते आणि पश्चिमेची शीव नगर जिल्ह्यांतील शेवगांव तालुक्याला भिडते. आज ही शीव ओलांडतांना कोणाला कांहीं जाणवत नाहीं. रस्ता तोच, कपाशीचीं शेतें तींच आणि बोलीहि तीच. परंतु १९४८ सालच्या सप्टेंबरपर्यंत ही दोन राज्यांची शीव होती. अलीकडे निजामाचें हैदराबाद संस्थान, पलीकडे मुंबई इलाखा. अलीकडे हाली सिक्का, पलीकडे कलदार रुपया. माल नेणाऱ्याला वाटेंत करोडगिरीचा नाका लागे. आणि पत्र लिहिणाऱ्यालाहि एक न दिसणारा नाका ओलांडावा लागे, तो टपालाचा.

हैदराबाद संस्थानानें १८६९ सालीं स्वतःचीं टपालाचीं तिकिटें काढलीं. तीं संस्थानच्या हद्दींत चालत. हद्दीबाहेर त्यांना किंमत नसे. त्यामुळें गेवराई तालुक्यांतील माणसानें दूर हैदराबादेस पाठविलेलें पत्र निजामी तिकिटावर बिनघोर जाई. पण शिवेपलीकडच्या शेवगांवांतील सोयऱ्याला ख्यालीखुशाली कळवावयाची, तर इंग्रज सरकारचें तिकीट निराळें लावावें लागे. लांबचें जवळ आणि जवळचें लांब, असा हा उलटा न्याय होता. १९५० सालीं संस्थानचें टपाल भारतीय टपालांत विलीन झालें, तेव्हां तो संपला. पत्र कोठवर जावें हें पत्र लिहिणाऱ्यानें ठरवावें, तें वाहून नेणाऱ्यानें ठरवूं नये, ही साधी गोष्ट या भागांतील लोकांना तेव्हां कोठें लाभली.

टपालाची ही जुनी कथा आठवण्याचें कारण असें कीं, २०१४ ते २०१८ या काळांत तोच प्रश्न नव्या वेषांत साऱ्या देशापुढें उभा राहिला. इंटरनेट पुरविणाऱ्या कंपनीनें ग्राहकाला सगळ्या जगाची वाट एकसारखी मोकळी ठेवावी, कीं स्वतः आंखलेल्या हद्दीपुरतें स्वस्त तिकीट त्याच्या हातीं द्यावें? या वादाला ‘नेट न्यूट्रॅलिटी’चा, म्हणजे वाहकाच्या निष्पक्षपणाचा वाद, असें नांव पडलें. दिल्लीमुंबईच्या सुशिक्षितांत तो हिरिरीनें खेळला गेला. पण त्यांत दाखला दिला गेला तो खेड्यांतल्या शेतकऱ्याचा, आणि तोहि महाराष्ट्रांतल्या शेतकऱ्याचा. म्हणून या वादाचा इतिहास उमापुरासारख्या गांवाच्या वेशींतून पाहणें उचित ठरेल.

दुसऱ्याचा माल वा निरोप वाहून नेण्याचा जो धंदा करतो, त्यानें माल कोणाचा हें पाहून भेद करूं नये, हें तत्त्व इंटरनेटहून पुष्कळच जुनें आहे. नदीच्या उतारावरील नावाड्याचें उदाहरण घ्यावें. नाव त्याची, वल्हीं त्याचीं, श्रमहि त्याचेच. तेव्हां उतारूंनीं त्याला मोल द्यावें हें रास्तच आहे. बैलगाडीला अधिक आणि पायीं चालणाऱ्याला कमी, असा दर त्यानें खुशाल ठेवावा. पण एका व्यापाऱ्याच्या गाड्या फुकट उतरवून त्याच्या प्रतिस्पर्ध्याच्या गाड्या काठावर तिष्ठत ठेवण्याचा अधिकार त्याला पोहोंचत नाहीं. कारण जवळपास दुसरी नाव नसते. वाट एकच असली म्हणजे वाटेच्या धन्याचा लहानसा पक्षपातहि दुसऱ्याच्या पोटावर पाय आणतो.

आगगाडी आणि तारायंत्र आल्यावर नावाड्याचें हें तत्त्व कायद्याच्या पुस्तकांत लिहिलें गेलें. इंग्लंडच्या पार्लमेंटनें १८५४ सालीं रेल्वे व कालवे यांच्या वाहतुकीचा कायदा करून कंपन्यांना गैरवाजवी पक्षपात करण्याची मनाई केली. अमेरिकेंत १८६० सालीं पॅसिफिक किनाऱ्यापर्यंत तारा नेण्यास मदत देणारा कायदा झाला. सरकारी संदेशांचा अपवाद सोडून बाकी सर्वांचे संदेश ज्या क्रमानें येतील त्याच क्रमानें निष्पक्षपणें पाठवावेत, असें त्यांत बजावलें होतें. आपल्याकडे १८९० च्या रेल्वे कायद्याच्या ४२ व्या कलमानें कोणाहि विशिष्ट व्यक्तीला किंवा विशिष्ट प्रकारच्या मालाला गैरवाजवी झुकतें माप देण्यास रेल्वेला बंदी केली.

परंतु कायद्याचें कलम एक बोलतें आणि मालधक्क्यावरचें दरपत्रक दुसरेंच बोलतें, हाहि अनुभव या देशानें घेतला. बंदराकडे जाणाऱ्या कच्च्या मालाला आणि बंदरांतून आंत येणाऱ्या तयार मालाला सवलतीचे दर, आणि देशांतल्या देशांत फिरणाऱ्या मालाला मात्र महाग दर, अशी तक्रार आपले अर्थशास्त्री वर्षानुवर्षें करीत होते. १९१६ सालीं नेमलेल्या औद्योगिक कमिशननें १९१८ च्या अहवालांत या धोरणाची दखल घेऊन त्यावर टीका केली. येथें एक गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. कोणाच्याहि मालाला गाडींत जागा नाकारलेली नव्हती. फरक होता तो केवळ दराचा. पण त्या दराच्या फरकानेंच कापूस कोणत्या दिशेला जाणार आणि कारखाना कोठें उभा राहणार, हें पुष्कळ अंशीं ठरून गेलें. दार बंद करण्याची गरजच नसते. एक दार फुकट आणि दुसरें महाग ठेवलें कीं गर्दी आपोआप वळते. शंभर वर्षांनीं इंटरनेटच्या वादांत नेमका हाच मुद्दा कळीचा ठरला.

इंटरनेटची घडण मुळांत या तत्त्वाला अनुकूल अशीच झाली होती. त्यावरून जाणारें पत्र असो, चित्र असो वा गाणें असो, त्याचीं लहान लहान पुडकीं केलीं जातात. प्रत्येक पुडक्यावर पाठविणाराचा आणि घेणाराचा पत्ता असतो. वाटेंतील यंत्रें पत्ता वाचून पुडकें पुढें सरकवितात. आंत काय आहे याची विचारपूस करीत नाहींत. यामुळें वाहकाची परवानगी न मागतां कोणालाहि नवी कल्पना या वाटेवर आणतां आली. पुढें मात्र पुडकें उघडून पाहणारीं, एकाला पुढें काढणारीं व दुसऱ्याला रेंगाळत ठेवणारीं यंत्रें निघालीं, आणि वाहकाच्या मनांत विक्रेता होण्याची इच्छा उत्पन्न झाली. २००३ सालीं टिम वू या अमेरिकन कायदेपंडितानें या विषयाला ‘नेट न्यूट्रॅलिटी’ हें नांव दिलें, आणि तेंच पुढें जगभर रूढ झालें.

भारतांत ठिणगी पडली ती डिसेंबर २०१४ मध्यें. इंटरनेटवरून केलेल्या संभाषणाला, म्हणजे स्काइप वगैरे साधनांवरून होणाऱ्या बोलण्याला, एअरटेल कंपनीनें निराळा आकार लावण्याचें जाहीर केलें. ओरड होतांच कांहीं दिवसांतच तिनें हा बेत मागें घेतला. कंपन्यांचें म्हणणें अगदींच निराधार होतें असें नाहीं. ध्वनिलहरींच्या लिलावांत त्यांना प्रचंड रकमा मोजाव्या लागत होत्या. मार्च २०१५ च्या एकट्या लिलावांत सरकारच्या पदरीं एक लाख नऊ हजार कोटी रुपयांहून अधिक रकमेच्या बोल्या पडल्या. मनोरे आम्हीं उभारावयाचे, तारा आम्हीं टाकावयाच्या आणि बोलण्याचें उत्पन्न मात्र ज्यांनीं एक खांबहि रोंवला नाहीं अशा परदेशी कंपन्यांनीं न्यावें, ही त्यांची व्यथा होती.

पण या आकाराचा भार पडणार कोणावर? बीड जिल्ह्यांतून दरसाल दसरादिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठीं कुटुंबेंच्या कुटुंबें पश्चिम महाराष्ट्रांत आणि कर्नाटकांत उतरतात. म्हातारीं माणसें आणि शाळेंत जाणारीं पोरें पुष्कळदां गांवीं राहतात. फडांत दिवसभर राबून खोपींत परतलेल्या आईला मुलाचा चेहरा पाहतां येतो तो मोबाइलवर. तिनें इंटरनेटचें मोल एकदां भरलेलें असतें. त्याच इंटरनेटवरून बाजारभाव पाहिला तर एक दर आणि लेंकराशीं बोललें तर दुसरा दर, हें तिला पटवून देणें कोणत्याहि कंपनीला कठीणच गेलें असतें.

२७ मार्च २०१५ रोजीं भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणानें, म्हणजे ‘ट्राय’नें, या विषयावर ११८ पानांचा विचारार्थ मसुदा प्रसिद्ध करून वीस प्रश्नांवर लोकांचीं मतें मागविलीं. असे मसुदे एरवीं कंपन्यांचे वकील आणि दोनचार तज्ज्ञ यांच्यापलीकडे कोणी वाचीत नाहीं. या वेळीं मात्र अघटित घडलें. निखिल पाहवा आदि कार्यकर्त्यांनीं ‘सेव्ह द इंटरनेट’ ही चळवळ उभी केली, त्या वीस प्रश्नांचीं उत्तरें सोप्या भाषेंत तयार केलीं आणि तीं प्राधिकरणाकडे धाडण्याची सोय करून दिली. विनोदी कार्यक्रम करणाऱ्या मुंबईच्या कांहीं तरुणांनीं हा रूक्ष विषय हंसत खेळत समजावून सांगणारा बोलपट काढला. तो लाखों लोकांनीं पाहिला. महिनाभराच्या आंत दहा लाखांवर पत्रें प्राधिकरणाकडे जाऊन पडलीं. प्राधिकरणानें तीं पाठविणारांच्या पत्त्यांसकट उघड करून टाकलीं, तेव्हां आणखी एक गहजब झाला, तो निराळाच.

याच सुमारास, एप्रिल २०१५ मध्यें, ‘एअरटेल झीरो’ ही योजना पुढें आली. एखाद्या दुकानदारानें कंपनीला पैसे भरावेत आणि त्याच्या दुकानापर्यंत ग्राहकानें फुकट जावें, असें तिचें स्वरूप होतें. ग्राहकाला यांत तोटा तो कोणता? वरवर पाहतां कोणताच नाहीं. परंतु ज्याच्यापाशीं भरावयाला पैसे नाहींत, त्या नव्या दुकानदाराकडे जाण्याची वाट मात्र महागच राहणार होती. दाम करी काम, हीच या योजनेची रीत. फ्लिपकार्ट ही कंपनी तींत सामील होण्याच्या वाटाघाटी करीत होती. लोकमताचा रोख पाहून १४ एप्रिल रोजीं तिनें अंग काढून घेतलें.

तथापि खरी लढत यापुढेंच व्हावयाची होती, आणि तिचा संबंध महाराष्ट्राशीं अधिक जवळचा होता. फेसबुक कंपनीनें रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या साह्यानें १० फेब्रुवारी २०१५ रोजीं भारतांत ‘इंटरनेट डॉट ऑर्ग’ ही सेवा सुरू केली. ज्या सहा प्रांतांत ती प्रथम आली त्यांत महाराष्ट्र होता, आणि ज्या भाषांत ती मिळे त्यांत मराठी होती. तींत निवडक अशीं तीसचाळीस संकेतस्थळें फुकट पाहतां येत. त्यांत फेसबुक अर्थातच होतें. बाकीचें जग पाहावयाचें तर पैसे पडत. सप्टेंबर २०१५ मध्यें तिचें नांव ‘फ्री बेसिक्स’ झालें. कांहीं तांत्रिक अटी पाळल्यास कोणालाहि या यादींत येतां येईल, असें फेसबुकनें तोंवर जाहीर केलें होतें. पण त्या अटी ठरविणार तें स्वतः, आणि सारी वाहतूक जाणार तीहि त्याच्याच यंत्रांतून.

या योजनेचा कैवार घेणारांची बाजू प्रामाणिकपणें मांडली पाहिजे. कोट्यवधि लोकांनीं इंटरनेट कधीं पाहिलेलेंच नाहीं; त्यांना फूल नाहीं तर फुलाची पाकळी तरी मिळूं द्या, असें तें म्हणणें होतें. डिसेंबर २०१५ मध्यें वर्तमानपत्रांत पानपानभर जाहिराती झळकल्या. फेसबुकचे संस्थापक मार्क झुकरबर्ग यांनीं २८ डिसेंबर रोजीं ‘टाइम्स ऑफ इंडिया’ पत्रांत स्वतः लेख लिहिला. प्रत्येक समाजांत फुकट ग्रंथालयें असतात, सरकारी दवाखाने असतात, शाळा असतात. तेथें सगळींच पुस्तकें वा सगळेच उपचार मिळत नाहींत, तरी त्यांनीं लोकांचें कल्याण होतेंच, असा त्यांचा युक्तिवाद होता. आणि मासला म्हणून त्यांनीं महाराष्ट्रांतील एका शेतकऱ्याची हकीकत सांगितली. या सेवेमुळें त्याला पावसापाण्याची माहिती मिळाली, शेतमालाचे भाव कळले आणि तो नवीं पिकें व जनावरें यांत पैसा घालूं लागला.

हकीकत खरीच मानावी. ज्याला एक फायदा झाला त्याचा फायदा नाकारण्यांत शहाणपणा नाहीं. परंतु ग्रंथालयाची उपमा मराठी वाचकाने थोडी तपासून पाहावी. गांवोगांवचीं सार्वजनिक वाचनालयें वर्गणीनें आणि पुढें सरकारी अनुदानानें चाललीं. त्यांतलीं पुस्तकें गांवकऱ्यांच्या समितीनें निवडलेलीं असत, आणि निवड आवडली नाहीं तर वार्षिक सभेंत चिटणीसाला जाब विचारतां येई. एखाद्या प्रकाशकानेंच फुकट वाचनालय उघडलें, आपलीं पुस्तकें दर्शनी कपाटांत मांडलीं, इतरांनीं आपल्या अटींवर यावें असें सांगितलें, आणि कोण कोणतें पान किती वेळ वाचतो याची वहीहि स्वतःच ठेवली, तर तें वाचनालय खरें, पण तें कोणाचें आणि कोणासाठीं, हा प्रश्न उरतोच.

याहूनहि खोल असा दुसरा आक्षेप होता. गरिबाला काय लागेल तें आधींच ठरवून त्याची यादी करतां येते, हेंच मुळांत गृहीत धरलेलें होतें. हवामान, बाजारभाव, आरोग्य, नोकरी, अशी ती यादी. पण माणसाच्या गरजा यादींत मावत नाहींत. सुशिक्षित शहरी घरांतील मुलाला जग पाहण्याची मोकळीक आणि उमापुरातील मुलाला दुसऱ्यानें निवडून दिलेला तुकडा, अशी वांटणी झाली असती, तर ती कितीहि सद्बुद्धीनें केलेली असली तरी वांटणीच ठरली असती. आणि शहरांतल्याला दुसरी वाट असते. एक कंपनी नको तर दुसरी घेतां येते. खेड्यांत पुष्कळदां एकाच मनोऱ्याची लहर पोहोंचते. म्हणजे निष्पक्षपणाची गरज ज्याला सर्वांत अधिक, त्याच्याच नांवानें तो सोडून देण्याचा सल्ला दिला जात होता.

९ डिसेंबर २०१५ रोजीं प्राधिकरणानें या एकाच प्रश्नावर दुसरा मसुदा काढला: निरनिराळ्या मजकुराला निरनिराळे दर लावूं द्यावेत कीं नाहीं? याच महिन्यांत त्यानें रिलायन्सला फ्री बेसिक्स तूर्त थांबविण्यास सांगितलें. फेसबुकनें आपल्या सभासदांकडून पाठिंब्याचीं लाखों ठराविक पत्रें प्राधिकरणाकडे पाठविण्याची मोहीम चालविली. प्राधिकरणानें विचारलेले प्रश्न निराळे होते आणि या पत्रांत उत्तर निराळेंच होतें. आपण विचारविनिमय मागितला होता, आणि त्याचें रूपांतर ठरवून घडविलेल्या मतमोजणींत होत आहे, अशा आशयाचे कडक शब्द प्राधिकरणानें जानेवारी २०१६ मध्यें फेसबुकला लिहिलेल्या पत्रांत वापरले. या घटनेंत एक बोध आहे. केवळ पत्रांच्या ढिगावरून निर्णय व्हावयाचा असता, तर ज्याच्या हातीं सर्वांत मोठा टपालखाना त्याचाच जय झाला असता. आणि वाहकाच्या किंवा मंचाच्या हातांत केवढी सत्ता असते याचें प्रात्यक्षिक फेसबुकनें स्वतःच्याच मोहिमेनें करून दाखविलें.

८ फेब्रुवारी २०१६ रोजीं निर्णय झाला. प्राधिकरणाचे अध्यक्ष त्या वेळीं आर. एस. शर्मा हे होते. मजकूर कोणता हें पाहून इंटरनेटचा दर कमीअधिक करण्यास कंपन्यांना मनाई करण्यांत आली. नियम मोडल्यास दररोज ५० हजार रुपये आणि जास्तींत जास्त ५० लाख रुपये दंड ठरला. आपत्काळीं जनतेच्या मदतीसाठीं दर कमी करण्याची मुभा मात्र ठेवण्यांत आली. ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असें सर्वोच्च न्यायालयानें १९९५ सालींच एका निकालांत सांगितलेलें होतें. ती मालमत्ता वापरून धंदा करणारानें सार्वजनिक वाटेचे नियम पाळावेत, हें त्याच न्यायाला धरून झालें. तीन दिवसांनीं, ११ फेब्रुवारी रोजीं, फेसबुकनें भारतांतील फ्री बेसिक्स बंद केल्याचें जाहीर झालें.

आतां पाकळीहि गेली आणि फूलहि गेलें, असें झालें काय? इतिहासानें याचें उत्तर फार लवकर दिलें. सप्टेंबर २०१६ मध्यें रिलायन्स जिओनें आपली सेवा आरंभीं फुकट देऊन बाजारांत उडी घेतली. ती फुकट होती, पण सगळ्या इंटरनेटला सारखीच फुकट होती. चढाओढीनें दर असे कोसळले कीं, २०१४ सालीं एका जीबीला अडीचशें रुपयांहून अधिक पडत, तेथें २०१८ सालीं पंधरा रुपयांहून कमी पडूं लागले. खेड्यापाड्यांत इंटरनेट गेलें तें या स्वस्ताईनें, यादीनें नव्हे. ज्या रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या खांद्यावर बसून फ्री बेसिक्स आलें होतें, त्या कंपनीची मोबाइल सेवा २०१७ च्या अखेरीस बंद पडली आणि पुढें ती दिवाळखोरीच्या कारवाईंत सांपडली.

आणि यादीचें काय झालें असतें? २०१७ च्या खरिपांत महाराष्ट्राच्या कपाशीवर गुलाबी बोंडअळी तुटून पडली. वरून निरोगी दिसणारीं बोंडें फोडून पाहतां आंत अळी निघे. कोणतें औषध, केव्हां, किती. कामगंध सापळे कसे लावावेत. फरदड ठेवावी कीं उपटून टाकावी. पंचनामा कसा करून घ्यावा, असे प्रश्न एका हंगामांत हजारों घरांत उभे राहिले. २०१५ सालीं यादी करणाराला हे प्रश्न ठाऊक असणें शक्य नव्हतें. मार्च २०२० मध्यें करोनाच्या सांथीनें शाळा बंद झाल्या आणि वर्ग मोबाइलवर आले. तीहि गरज कोणाच्या यादींत नव्हती. मोकळ्या वाटेचा उपयोग हा असा आहे: उद्यां कोठें जावें लागेल हें आज ठाऊक नसतें, म्हणून सगळ्याच दिशा उघड्या असाव्या लागतात.

नंतरची हकीकत थोडक्यांत सांगण्याजोगी आहे. २०१६ चा नियम दरांपुरता होता. एखादें स्थळ अडविणें किंवा त्याचा वेग मंद करणें याविषयीं प्राधिकरणानें २८ नोव्हेंबर २०१७ रोजीं शिफारशी केल्या, आणि ११ जुलै २०१८ रोजीं दूरसंचार आयोगानें त्यांना मान्यता दिली. विशेष दर्जा लागणाऱ्या कांहीं सेवांना आणि वाहतुकीच्या रास्त नियंत्रणाला अपवाद ठेवण्यांत आला. अमेरिकेंत याच काळांत चक्र उलटसुलट फिरत राहिलें: फेब्रुवारी २०१५ मध्यें केलेले नियम डिसेंबर २०१७ मध्यें रद्द झाले, एप्रिल २०२४ मध्यें पुन्हां आणले गेले आणि २ जानेवारी २०२५ रोजीं तेथील अपील न्यायालयानें ते रद्दबातल ठरविले. ज्या देशांत या तत्त्वाला नांव मिळालें तेथें तें डळमळीत राहिलें, आणि ज्या देशावर मागासपणाचा शिक्का मारून त्याला पाकळी देऊं केली जात होती, त्यानें तें नियमांत बसविलें, ही गोष्ट अभिमानास्पद खरी.

पण अभिमानानें डोळे झांकूं नयेत. निष्पक्ष वाटेचा नियम वाट बांधीत नाहीं. बीड शहराला पहिली आगगाडी पाहावयास मिळाली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजीं. १८९० च्या कायद्यांतील तें ४२ वें कलम कितीहि उत्तम असलें, तरी रूळच नव्हते तोंवर बीडकरांना त्याचा काय उपयोग होता? ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतूंच्या तारा नेण्याची योजना केंद्र सरकारनें २०११ सालीं मंजूर केली. तिलाच पुढें ‘भारतनेट’ हें नांव मिळालें. तार गांवांत येणें, ती चालूं राहणें आणि तिच्या टोंकाला वापरणारा असणें, या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. चढाओढीनें दर कोसळले खरे, पण त्याच चढाओढींत कंपन्यांची संख्याहि बोटांवर मोजण्याइतकी उरली. आणि जेथें वाहक थोडे, तेथें वाहकाचा मोह मोठा. २०२३ सालीं मोबाइल कंपन्यांच्या संघटनेनें मोठ्या संकेतस्थळांनीं जाळ्याच्या खर्चाचा वांटा उचलावा अशी मागणी नव्यानें पुढें केली. २०१४ सालचाच वाद तो, पोशाख नवा.

शिवाय हा नियम कंपनीचा हात धरतो, सरकारचा धरीत नाहीं. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस आरक्षणाच्या आंदोलनाला बीडमध्यें हिंसक वळण लागलें, तेव्हां संचारबंदीबरोबर इंटरनेटहि बंद करण्यांत आलें. शांततेसाठीं असें करणें कधींकाळीं आवश्यक ठरतहि असेल; पण इंटरनेट बेमुदत बंद ठेवतां येणार नाहीं आणि तशा हुकमांना लोकांपुढें मांडावें लागेल, असें सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०२० मध्यें सांगून ठेवलें आहे. वाटेवर नाका बसविणारा हात व्यापाऱ्याचा असो वा राजाचा, त्यानें कारण सांगितलें पाहिजे, ही अपेक्षा दोघांकडूनहि सारखीच.

निजामी तिकिटाच्या काळीं शिवेपलीकडच्या सोयऱ्याला पत्र लिहूं पाहणाऱ्या माणसाला कोणी विचारलें नव्हतें कीं, तुझें जग केवढें असावें. तें दूर कोणीतरी आंखून दिलें होतें. २०१६ च्या निर्णयाआधीं निदान विचारलें गेलें, आणि लाखों लोकांनीं उत्तर दिलें. त्या उत्तरांत ज्यांच्या नांवानें वाद चालला त्या शेतकऱ्यांचीं पत्रें फार थोडीं असतील. वीस प्रश्न इंग्रजींत होते. पुढच्या वेळीं, आणि पुढची वेळ येणारच आहे, ते प्रश्न मराठींत विचारले जावेत, उमापुराच्या चावडीवर वाचले जावेत आणि तेथूनहि उत्तर जावें. वाटेचा उपयोग ज्याला करावयाचा, वाटेच्या नियमांविषयीं त्याचें मत सर्वांआधीं ऐकिलें पाहिजे. मग तें उत्तर वाहून नेण्याचें काम वाहकानें मुकाट्यानें करावें.